धरलं

१

रविवारी दुपारी अडीच वाजता इंदूरच्या स्नेहलतागंजात कुत्रंसुद्धा डोळे उघडत नाही. मे महिना, लू चालू, आणि जयेश पोर्चमध्ये गोणपाटावर आडवा पडून गाडीच्या मागच्या डाव्या चाकाशी झोंबत होता.

गाडी चौदा वर्षांची. ब्रेक ऑइल पाझरत होतं म्हणून मागच्या दोन्ही चाकांतली रबरं त्याने सकाळपासून स्वतःच्या हाताने बदलली होती. मेकॅनिककडे का नाही नेली, असं बाबांनी विचारलं, तर म्हणाला की त्यात आहे काय, सतरा व्हिडिओ बघितले. खरं कारण वेगळं होतं. उद्या निधीला बाळंतपणासाठी माहेरी सोडायचं होतं, बडवाहला. सातवा लागला होता, मुहूर्त सासूबाईंनी काढला होता, आणि बडवाहच्या वाटेवर भेरूघाट लागतो. मागच्या दिवाळीत सासऱ्यांच्या पानात जयेशने रबराची जिलबी वाढली होती आणि सासऱ्यांनी ती पाच मिनिटं चावली होती. तेव्हापासून त्या घरात जावई म्हणजे एक टाइमपास माणूस. तर ब्रेक आपण केले, घाट आपण उतरला आणि तुमची मुलगी आपण सुखरूप आणून सोडली, एवढं एक वाक्य त्याला सासऱ्यांसमोर बोलायचं होतं. बस.

रबरं बदलली की पाइपात हवा शिरते, आणि ती काढायला दोन माणसं लागतात. एक ड्रायव्हरच्या सीटवर, पेडल दाबायला. दुसरा चाकापाशी, तिथला छोटा नट उघडायला. पेडल दाबून धरलेलं असताना नट उघडायचा, बुडबुडे नि काळं तेल नळीतून बाहेर येतं, नट बंद करायचा, आणि मगच पाय उचलायचा. आधी उचलला तर सगळी हवा परत आत. मग पहिल्यापासून सुरू.

सीटवर बाबा होते. श्रीकृष्णराव, रेल्वेतून रिटायर. आई भोपाळला मावशीकडे गेलेली, निधीचं पोट स्टिअरिंगला लागतं, म्हणून बाबा. जयेशने त्यांना तीनदा समजावलं. मी 'दाब' म्हटलं की दाबायचं, दाबून झालं की मला सांगायचं, आणि मी 'सोड' म्हणत नाही तोवर जग बुडालं तरी पाय उचलायचा नाही.

"छत्तीस वर्षं सिग्नलवाल्यांची पगारपत्रकं केली मी," बाबा म्हणाले, "मला कळतं सोड म्हणजे काय."

आणि त्यांनी दार लावून घेतलं. धूळ येते म्हणून. खिडकीला ती काळी जाळी लावलेलीच होती, उन्हाची.

२

पहिलं चाक झालं. "दाब." पेडल कुरकुरलं. आतून बाबा म्हणाले, "हं." नट उघडला, बुडबुडे, नट बंद. "सोड." असं सात-आठ वेळा.

दुसरं चाक, मागचं उजवं. तसंच. "हं." "सोड." बाबांच्या त्या 'हं'मध्ये छत्तीस वर्षांचा कंटाळा होता.

मग जयेश तेलाचं तसराळं आणि नळी घेऊन पुढच्या डाव्या चाकाशी गेला. डोकं चाकाच्या कमानीत घातलं. वर कुठेतरी कूलर घरघरत होता.

"दाब."

पेडल गेलं. शब्द पुरता व्हायच्या आतच गेलं म्हणा ना.

"धरलं," आतून आवाज आला.

जयेशला बरं वाटलं. तिसऱ्या चाकाला का होईना, बाबांना इंटरेस्ट आला. नट उघडला, तेल असं जोरात आलं की नळी तसराळ्यात नाचली. नट बंद. "सोड." पेडल उठलं. "दाब." "धरलं." काय लय लागली होती! आधीच्या दोन चाकांना अर्धा तास लागला, हे चाक सहा मिनिटांत झालं.

चौथं चाक पुढचं उजवं. म्हणजे ड्रायव्हरच्या दाराला लागूनच. दारात आणि जयेशच्या खांद्यात हातभर अंतर. काळ्या जाळीतून आतलं काही दिसत नव्हतं, त्याने बघितलंही नाही. आपल्याच बापाला कोण वाकून बघतं? "दाब." "धरलं." हातभरावरून, स्वच्छ, जरा उत्साहाने. तेल पाण्यासारखं निर्मळ यायला लागलं. एकही बुडबुडा नाही. त्याने शेवटचा नट कसून बंद केला, पान्याचा एक झटका जास्तीचा दिला, आणि बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात घराचं जाळीचं दार वाजलं आणि बाबा बाहेर आले. गालावर खाटेच्या नवारीचे वळ, केस एका बाजूला चपटे.

"झालं का रे? चहा टाकू?" ते म्हणाले.

३

बाबा दुसऱ्या चाकानंतरच उठले होते. "येतो रे" म्हणून सांगितलं होतं म्हणे. बाथरूमला गेले, येताना खाट दिसली, पाठ टेकली. मग तू ओरडत होतास ते ऐकू येत होतं, म्हटलं निधी बसली असेल. निधी वरच्या खोलीत पंख्याखाली होती, तिला तर दुपार झाल्याचंही माहीत नव्हतं.

जयेशने गाडीचं दार उघडलं. सीट रिकामी. पायाशी रबराची चटई. कोपऱ्यात बाबांची एक चप्पल, ती तिथे कायमच असते.

बाबा आत गेल्यावर तो एकटाच हसला. कारण त्याच्या लक्षात आलं होतं. मावशीच्या सत्यनारायणाला त्याने सोफ्याखाली ब्लूटूथ स्पीकर ठेवून प्रसादाच्या ताटाला खोकायला लावलं होतं. तो स्पीकर कोणाचा होता? धनेशचा, म्हणून बोलणीही धनेशनेच खाल्ली होती. धनेश त्याचा शाळेपासूनचा मित्र, दोन घरं सोडून राहतो, गेलं एक वर्ष बदला घेणार म्हणून सांगतोय. जयेशने सीटखाली हात घातला, डॅशबोर्डखाली घातला, डिकी उपसली. एक जुनं चलान, वाळलेली लिंबं आणि शेवेचं पाकीट मिळालं. मग फोन लावला आणि धनेशला म्हणाला, मानलं यार, पण आवाज बाबांचा कुठून रेकॉर्ड केलास?

धनेश म्हणाला की तो सकाळपासून देवासला सासुरवाडीत आहे. पुरावा म्हणून आंब्याच्या रसाच्या वाटीचा फोटो पाठवला. मग सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एक बात बता भिया. स्पीकर पेडल कैसे दबाएगा?"

जयेशने त्याला शिवी दिली आणि फोन ठेवला. मग स्वतःला समजावलं. तेल उतारावर आपोआप वाहतं, त्याला दाबायला कोणी लागतं असं नाही, अठराव्या व्हिडिओत एकटा माणूसच करत होता सगळं. आणि आवाज? उन्हात चार तास डोकं खाली घालून पडलं की माणसाला काहीही ऐकू येतं. बाबा 'हं' म्हणतात. बाबा आयुष्यात कधी 'धरलं' म्हणाले नाहीत. म्हणजे ते बाबा नव्हतेच, म्हणजे कोणीच नव्हतं. हिशोब जुळला.

राहिलं होतं लीकेज बघणं. ते सोपं असतं. पेडल जोरात दाबून अर्धा मिनिट तसंच धरायचं. पाय हळूहळू खाली जायला लागला की समजायचं, कुठेतरी गळतंय. तो सीटवर बसला आणि पेडलवर पाय ठेवला.

खाली जाणं सोडाच, पेडल हललंच नाही. दगड. त्याने दोन्ही पायांनी जोर लावला, सीट मागे कुरकुरली, पेडल तसूभर हललं नाही. व्हिडिओवाला म्हणाला होता की पेडल जेवढं कडक तेवढं काम उत्तम. म्हणजे याच्याइतकं उत्तम काम इंदूरात कोणी केलं नसेल.

फक्त पेडलचं रबर गरम होतं. नुकत्याच कोणीतरी काढलेल्या चपलेसारखं. तर मे महिन्यात काय थंड असतं?

४

चारी चाकांखाली त्याने पेपर पसरले. रविवारच्या पुरवण्या, एकेका चाकाला एक. रात्रभर राहू द्यायचे. थेंब पडला तर सकाळी कागदावर दिसतोच, तेल लपत नाही. गाडी हलवायची नाही, म्हणून चालवून बघणंही सकाळवर टाकलं.

संध्याकाळी निधी पोर्चमध्ये आली, पाठीला हात लावून. म्हणाली, मागच्या भिंतीवर लाल-लाल काय दिसतंय? जयेशने बघितलं. ब्रेकचे दिवे चालू होते, दोन्ही. गाडी बंद, किल्ली घरात खिळ्याला, आणि भिंतीवर दोन लाल गोल.

"स्विच अडकला," जयेश म्हणाला. पेडल दाबलं की एक स्विच दिवा लावतो, तो अडकतो कधीकधी. त्याने बोनेट उघडून बॅटरीची तार काढून टाकली. भिंत काळी झाली.

मग त्याने निधीला दुपारचं सगळं सांगितलं. आवाज, लय, हातभर अंतर, सगळं. ती ऐकत होती आणि हळूहळू तिचं हसू वर येत होतं. या घरात खरं सांगायला एक वेगळा आवाज ठेवायला हवा होता. तो जयेशने कधी ठेवलाच नव्हता. जिलबी वाढताना त्याचा जो आवाज होता तोच आताही होता.

"सातव्या महिन्यात घाबरवतोयस मला, लाज वाटते का?" ती म्हणाली, आणि आत जाता जाता, "पण चांगली आहे. शेवट नीट कर फक्त."

५

सकाळी साडेसहाला कचरागाडी गाणं वाजवत आली तेव्हा जयेश डबा घेऊन बाहेर पडला. आधी पेपर बघितले. एकेक वाकून, बोटाने चाचपून. चारही कोरडे. मागच्या उजव्या चाकाखालचं सुडोकूसुद्धा कोरडं. डाग नाही, ओल नाही. त्याला वाटलं, सासऱ्यांना आत्ताच फोन लावावा.

मग त्याला फरशी दिसली.

पोर्चची जमीन बाबांनी दिवाळीला लाल ऑइलपेंटने रंगवली होती. ब्रेक ऑइलचा एक वाईट गुण असा की ते पेंट खातं. जिथे पडेल तिथला रंग फुगतो आणि सालीसारखा निघतो. ड्रायव्हरच्या दारापासून रंग निघाला होता. पायाच्या आकारात. पाच बोटं, चवडा, टाच, सगळं नीट. एक ठसा, दोन फुटांवर दुसरा, मग तिसरा. तसराळ्यात काल काढलेलं काळं तेल होतं, ते आता नव्हतं.

ठसे पोर्च ओलांडून खालच्या खोलीच्या खिडकीपर्यंत गेले होते. निधीला रात्री जिना नको म्हणून ती दोघं हल्ली तिथेच झोपत. निधी खिडकीच्या बाजूला. खिडकीखाली ठशांवर ठसे होते, एकावर एक, खूप, जसं कोणी बराच वेळ उभं राहून चुळबुळ करतं. तिथली फरशी पूर्ण उघडी पडली होती. बोटं सगळी खिडकीकडे. मग तेच ठसे गाडीकडे परत.

जयेश उकिडवा बसला. काहीतरी चुकत होतं आणि ते सापडायला त्याला वेळ लागला. अंगठा प्रत्येक ठशात उजव्या बाजूला होता.

सगळे ठसे डाव्या पायाचे होते. उजव्या पायाचा एकही नव्हता.

लंगडी घातली असेल, असं त्याच्या मनात आलं. आणि मग तिथेच बसल्या बसल्या, कचरागाडीचं गाणं गल्लीच्या टोकाशी जात असताना, त्याला कालचं ते आठवलं. शेवटचा नट कसला, बोलायला तोंड उघडलं, आणि बाबा बाहेर आले.

त्याने 'सोड' म्हटलंच नव्हतं.

उजवा पाय कामावर होता. रात्रभर. म्हणून पेडल दगड, म्हणून दिवे चालू. डावा मोकळा होता, तो हिंडून आला. पेडलपासून खिडकी सोळा फूट तरी होती. उजवा पाय पेडलवरून न उचलता डावा तिथवर पोचायला माणूस केवढा असावा लागतो, याचा विचार जयेशने सुरू केला आणि अर्ध्यात सोडून दिला.

६

बाबांनी ठसे बघितले आणि त्यांना एवढंच दिसलं की पोर्चचा रंग गेला. माझे तीन डबे पेंट लागले होते, म्हणाले, आणि वर गोष्टी सांगतो. निधी खिडकीतूनच बघत होती. तिने कौतुक केलं. पाय तुझ्यापेक्षा मोठा काढलास, कशाने कापला, पुठ्ठ्याने? जयेश म्हणाला, टॅक्सी करू. ती म्हणाली, म्हणजे बाबांसमोर परत तूच हरशील, मग मला म्हणू नकोस.

'बाबा' म्हणजे तिचे बाबा. हे तिने बरोबर जागी मारलं.

तो गाडीत जाऊन बसला. दार उघडं ठेवलं. आधी खाली उतरून बॅटरीची तार जोडून आला होता, आणि जोडताक्षणी मागची भिंत लाल झाली होती. पायाशी काही दिसत नव्हतं. चटई, चप्पल, आणि पेडल, जमिनीच्या दोन बोटं वर, दाबलेलं. घरातून निधी पोह्यांवर शेव टाकत असल्याचा आवाज येत होता. सत्तावीस वर्षांचा, बँकेत कर्जखात्यात बसणारा माणूस एका रिकाम्या गाडीला काय सांगायला आला होता, हे कोणी बघत नाही ना म्हणून त्याने मागे वळून बघितलं.

"सोड," तो म्हणाला. हळूच.

भिंतीवरचे दिवे गेले. पेडल वर आलं, सावकाश, शेवटच्या बोटभर अंतरात थबकून, जसं कोणाचा पाय अवघडलाय. आणि गाडी उचलली गेली. एखादा जाड माणूस उतरला की स्प्रिंगा वर येतात ना, तशी. कोणतंच दार हललं नव्हतं.

जयेशने पेडल दाबलं. गेलं. जरा मऊ, पण गेलं आणि परत आलं. साध्या गाडीच्या साध्या पेडलसारखं. त्याला इतकं हलकं वाटलं की तो पोह्यांच्या दोन प्लेटा खाऊन उठला. जे होतं ते गेलं, पेपर कोरडे होते, काम पक्कं होतं. त्याने एकच गोष्ट केली नाही. पेपर परत बघितले नाहीत. एकदा पास झालेला पेपर परत कोण तपासतं?

७

साडेआठला निघाले. आधी बड्या गणपतीला, नारळ फोडायला. बाबांनी बजावलं होतं म्हणून चारी चाकांखाली लिंबं ठेवली, गाडी पुढे घेतली, चारही चुरडली. देवळासमोरच्या गर्दीत ब्रेक चार वेळा लागले, मऊ पण बरोबर. निधी म्हणाली, चल, काहीतरी जमलं तुला.

खंडवा रोडला लागल्यावर ती मागे रेलून झोपली. सिमरोल गेलं. जयेश मनातल्या मनात सासऱ्यांशी बोलत होता. मग घाट सुरू झाला, रस्ता खाली वाकला, डाव्या हाताला डोंगर, उजवीकडे कठडा आणि त्याच्यापलीकडे नुसतं ऊन. पुढे एक ट्रक, मागे एक ट्रक. सगळे एका चालीत.

निधीचा फोन वाजला, घरून. बाबा होते. तिने झोपेतच स्पीकरवर टाकला.

बाबा रद्दी गोळा करत होते. पेपर टाकत नाहीत ते, सुडोकू राहिलेलं असतं. "जयेश," ते म्हणाले, "तो मागच्या उजव्या चाकाखालचा पेपर. ओला आहे रे. ताटाएवढा डाग आहे."

"कधीचा?" जयेशने विचारलं.

"तुम्ही गेल्यावर उचलला ना मी. सकाळी तू दाखवलास तेव्हा तर कोरडा होता. रात्रभर कोरडा नि तासाभरात एवढा, हे कसं काय?" आणि जरा थांबून बाबा म्हणाले, "ही तुझी मस्करी असेल तर आत्ता सांग. मी बसलोय खुर्चीवर."

जयेशला कळलं कसं काय. रबर नीट बसलंच नव्हतं. रात्रभर ते दाबाने घट्ट राहिलं होतं, कारण रात्रभर कोणीतरी पेडल दाबून धरलं होतं. त्याने लीकेज बघितलं होतं ते दुसऱ्याच्या पायावर. आणि मग त्या पायाला त्याने स्वतः सोड म्हटलं.

वळण आलं. त्याने ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय खाली गेला. काहीच न लागता, पाण्यात गेल्यासारखा, थेट जमिनीला टेकला.

८

मग ज्या गोष्टी करायच्या त्या त्याने केल्या. पेडल उचलून परत मारलं, परत मारलं. गिअर खाली टाकला, इंजिन किंचाळलं. हँडब्रेक ओढला, पण मागचं चाक तेलात न्हालेलं, ते काय धरणार? पुढच्या ट्रकची पाटी वाचता यायला लागली, मग पाटीखालचा नंबर, मग पाटीवर चिकटलेलं गवत. तो ट्रक डावीकडे वळला आणि समोर फक्त कठडा उरला.

जयेश ओरडला. काय ओरडायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. कालपासून तोंडात बसलेलं होतं तेच निघालं.

"दाब! धर!"

गाडी थांबली.

घासत, घसरत नाही. एकदम, जागच्या जागी, जसं कोणी मागून कॉलर पकडावी. निधीचा पट्टा ताणला गेला, तिने दोन्ही हात पोटावर घेतले. फोन उडून तिच्या पायाशी पडला, त्यातून बाबांचं हॅलो हॅलो येत होतं, मग तेही बंद झालं. बोनेटपुढे रस्ता चार हात होता, मग कठडा, मग ऊन.

"धरलं," पायांजवळून आवाज आला.

जयेशने खाली बघितलं. बघायचं नव्हतं, पण मान गेली. त्याचा उजवा पाय बाजूला सरकून चटईवर पडला होता, बुटात. डावा क्लचवर, बुटात. आणि मध्ये, पेडलवर, एक अनवाणी पाय होता. घोट्यापर्यंत दिसत होता. त्याच्या वर डॅशबोर्डखालचा अंधार होता, तिथे एवढ्या जाडीचं काही मावायला जागाच नव्हती. बोटं पेडलच्या रबरावर आवळलेली, नखं पांढरी पडलेली. खूप जोर लावत होता.

जयेशने मान वर केली आणि काचेतून समोर बघत राहिला.

"निधी," तो म्हणाला, "उतर. हळू, दार उघड आणि उतर. डोंगराच्या बाजूला जाऊन उभी राहा."

"बस ना आता, जयेश." तिचा श्वास लागला होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि तरीही ती चिडून हसत होती. "काल आवाज, सकाळी पाय, आता हे. बाबांना पण फोनवर घेतलंस? भर घाटात? पोटात बाळ आहे माझ्या."

"मी खोटं नाही बोलत."

"जिलबीच्या वेळी पण हेच म्हणाला होतास. ह्याच तोंडाने."

मागचा ट्रक येऊन टेकला आणि त्याने भोंगा दिला. लांब, न थांबणारा. क्लीनरने खिडकीतून हात काढून पुढे चल, पुढे चल केलं. जयेशने निधीच्या पट्ट्याचं बटण दाबलं, तिने त्याचा हात झटकला. दोन्ही पाय त्याने सीटवर ओढून घेतले होते, गुडघे छातीशी. तिने ते बघितलं असतं तर कदाचित तिला कळलं असतं. पण ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

भोंगा थांबला. गाडीत एकदम शांत झालं. खाली कुठेतरी रबर कुरकुरलं. पाय अवघडला होता.

"सोडू?"

आवाज जयेशचा होता. हुबेहूब त्याचा, जरासा हसरा, जिलबीवाला. जयेशचे ओठ मिटलेले होते, दात एकमेकांवर बसलेले. पण भोंगा अचानक थांबला म्हणून निधीची मान मागे, ट्रककडे वळलेली होती. तिने ओठ बघितले नाहीत.

तिने डोळे पुसले. पट्टा परत लावला, खट्. आणि नवऱ्याने अखेर मस्करी थांबवून, शहाण्यासारखं, ब्रेक सोडायचं विचारलं म्हणून, मागे ट्रककडे बघतच, उत्तर द्यायला तोंड उघडलं.